नर्सिंग शिकता शिकता आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे प्रमाणपत्र कसे मिळवावे

वॉर्डात ड्यूटीवर असलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यासमोर रुग्ण येतो तेव्हा त्याच्यासोबत केसपेपर आलेला असतो. निदान झालेले असते किंवा होण्याच्या वाटेवर असते, औषधांच्या सूचना लिहिलेल्या असतात आणि काही अडले तर हाकेच्या अंतरावर वॉर्डची सिस्टर असते. घरात, रस्त्यावर किंवा कामाच्या ठिकाणी कोसळलेल्या माणसाबाबत यातले काहीच हाताशी नसते. त्याचा पूर्वीचा आजार ठाऊक नसतो, कित्येकदा नावही ठाऊक नसते, आणि तरीही पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही हे ठरवावे लागते. निदान कळण्याआधी जीव कसा टिकवायचा, हे आपत्कालीन सेवेच्या प्रशिक्षणात शिकवले जाते. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही हा भाग असतो, पण इतर अनेक विषयांच्या गर्दीत त्याचा हाताला सराव व्हावा इतका वेळ क्वचितच मिळतो. म्हणून शिकत असतानाच असे प्रमाणपत्र मिळवणे मला मनापासून योग्य वाटते. मात्र कोणते प्रमाणपत्र, कोणत्या वर्षी आणि कशासाठी, याचा विचार प्रवेश घेण्याआधी झालेला असावा.

कोणते प्रमाणपत्र

आपत्कालीन प्रमाणपत्र या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. सर्वांत आधीचा टप्पा बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट. यात सीपीआर (छातीवर दाब आणि श्वास देऊन थांबलेले रक्ताभिसरण चालू ठेवणे), एईडी म्हणजे विजेच्या झटक्याने हृदयाची लय पूर्ववत करणाऱ्या यंत्राचा वापर, बॅग आणि मास्कने श्वास देणे आणि घशात काही अडकल्यास ते काढणे हे शिकवले जाते. हा अभ्यासक्रम एका दिवसाच्या आत पुरा होतो आणि नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो पहिल्याच वर्षी, शक्यतो वॉर्डातील पहिल्या पोस्टिंगपूर्वी करावा. अनेक महाविद्यालये तो सक्तीचाच करतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते, आणि त्याचा अभ्यास ऑनलाइन केला तरी प्रात्यक्षिक प्रत्यक्ष मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, करून दाखवावेच लागते. काही ठिकाणी केवळ चित्रफिती पाहून आणि प्रश्न सोडवून प्रमाणपत्र देण्याची जाहिरात असते. असे प्रमाणपत्र बहुतेक रुग्णालये मानत नाहीत, आणि न मानण्यात ती बरोबरच आहेत, कारण छातीवर दाब कसा द्यायचा हे डोळ्यांनी शिकता येत नाही.

पुढचा टप्पा ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांचे हे पायाभूत प्रशिक्षण असून त्याचा विस्तार बीएलएसपेक्षा कितीतरी मोठा आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल प्रसिद्ध केला आणि रस्त्यावर मिळणारी वैद्यकीय मदत किती तोकडी आहे हे समोर आणले. त्यानंतर तिथे या सेवेला प्रमाणित प्रशिक्षणाचे रूप येत गेले आणि १९७० मध्ये परीक्षा व नोंदणीसाठी नॅशनल रजिस्ट्री स्थापन झाली. आज तिथे ईएमआर (इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर), ईएमटी, अ‍ॅडव्हान्स्ड ईएमटी आणि पॅरामेडिक असे चार स्तर आहेत. त्यांपैकी ईएमटीच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय मानकांनुसार साधारण १५० ते १९० तास धरले जातात. इतर देशांत स्तरांची नावे, तास आणि अधिकार वेगळे आहेत, काही ठिकाणी तर हे शिक्षण पदविका किंवा पदवीच्या स्वरूपात आहे. त्यामुळे जाहिरातीत ईएमटी ही अक्षरे दिसली म्हणून त्यामागचा अभ्यास सगळीकडे सारखाच असेल असे धरून चालू नये.

त्यापुढे एसीएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर लाइफ सपोर्ट) आणि मुलांसाठीचा पीएएलएस (पीडियाट्रिक अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट) असे प्रगत अभ्यासक्रम येतात. विद्यार्थ्यांची घाई होते ती इथे. एसीएलएसच्या वर्गात शिरताना ईसीजीवरील मुख्य लयी ओळखता याव्यात, आपत्कालीन औषधांची तोंडओळख असावी आणि बीएलएस हातात पक्के बसलेले असावे अशी अपेक्षा असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एसीएलएसमध्ये वर्गापूर्वीची स्वयंचाचणी किमान ७० टक्के गुणांनी पार करावी लागते. औषधशास्त्र आणि हृदयविकारांचा भाग शिकून होण्याआधी हा अभ्यासक्रम केला तर तक्ते पाठ होतात, परीक्षाही कदाचित पार पडते, पण दोन महिन्यांनी त्यातले काहीच उरत नाही. एसीएलएस शेवटच्या वर्षासाठी किंवा अतिदक्षता विभागातील पोस्टिंगच्या तोंडावर ठेवावे. अपघाती जखमींच्या शुश्रूषेसाठी इमर्जन्सी नर्सेस असोसिएशनचा टीएनसीसी (ट्रॉमा नर्सिंग कोअर कोर्स) हा अभ्यासक्रम आहे, पण तो नोंदणीकृत नर्सेससाठी आखलेला आहे. त्याचा विचार नोंदणी झाल्यावर करावा.

थोडक्यात, विद्यार्थिदशेत निवड करायची ती बीएलएसवर थांबायचे की ईएमटीपर्यंत जायचे, याची. तुम्हाला पुढे आपत्कालीन विभाग, अतिदक्षता, शस्त्रक्रियेनंतरचा कक्ष किंवा रुग्णांची ने-आण करणारी सेवा यांपैकी कुठेतरी काम करायचे असेल, तर ईएमटीचे तास वाया जात नाहीत. सामुदायिक आरोग्य किंवा अध्यापनाकडे कल असेल तर बीएलएस आणि प्रथमोपचाराचा चांगला अभ्यासक्रम पुरतो, आणि उरलेला वेळ आपल्या मूळ विषयाला द्यावा.

कधी करावे

नर्सिंगचे पहिले सत्र ईएमटीसाठी चुकीचे आहे. त्या काळात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र नव्याने शिकायचे असते, नव्या वेळापत्रकाची सवय व्हायची असते, आणि त्यात आणखी दीडशे तासांचे ओझे घेतले की दोन्हींकडे कमी पडायला होते. सर्वांत सोयीचा काळ म्हणजे पहिले वर्ष संपल्यानंतरची सुट्टी. तोवर हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण यांचा अभ्यास झालेला असतो, नाडी, श्वसन आणि रक्तदाब मोजण्याचा हात बसलेला असतो, आणि वैद्यकीय-शल्य शुश्रूषेचा मोठा भाग अजून पुढे असतो. ईएमटीत शिकलेले शॉक (रक्ताभिसरण कोसळणे), दमा, पक्षाघात, मधुमेहातील बेशुद्धी हे विषय मग पुढच्या वर्षी वर्गात सविस्तर भेटतात आणि एकदा हाताळलेली गोष्ट दुसऱ्यांदा खोलात शिकायला मिळते. हा क्रम ज्यांना साधतो त्यांचा नर्सिंगचा अभ्यासही सोपा होतो, असे माझे ठाम मत आहे.

सुट्टीत सलग वर्ग मिळत नसतील तर सायंकाळचे किंवा आठवड्याच्या शेवटचे वर्ग घेता येतात, पण तेव्हा क्लिनिकल पोस्टिंगचे वेळापत्रक आधी हातात घ्यावे. ईएमटीच्या बहुतेक वर्गांत हजेरीची अट कडक असते. रात्रपाळीचे पोस्टिंग आणि प्रात्यक्षिकाचा दिवस एकमेकांवर आले की एकाची हजेरी बुडते, आणि बुडालेले प्रात्यक्षिक भरून काढण्याची सोय नेहमी असतेच असे नाही. आपल्या वर्गशिक्षिकेला किंवा समन्वयकाला हा बेत सुरुवातीलाच सांगावा. काही महाविद्यालये अशा प्रशिक्षणाचे तास ऐच्छिक विषयात धरतात, काही धरत नाहीत. विचारल्याशिवाय ते कळत नाही, आणि जे काही ठरेल ते लेखी घ्यावे.

प्रवेश घेण्यापूर्वी

संस्था निवडताना तीन गोष्टींची चौकशी करावी. पहिली, हे प्रमाणपत्र कोण देते आणि तुम्ही जिथे काम करणार आहात तिथली नोंदणी करणारी संस्था किंवा रुग्णालये ते मानतात का. दुसरी, रुग्णवाहिकेवर किंवा आपत्कालीन विभागात प्रत्यक्ष कामाचे तास अभ्यासक्रमात आहेत का, आणि ते मिळवून देण्याची जबाबदारी संस्थेची आहे की विद्यार्थ्याची. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, एका मॅनिकिनमागे किती विद्यार्थी असतात. वीस जणांच्या गटात एकच मॅनिकिन असेल तर दिवसभरात तुमच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. शक्य असेल तर प्रवेशापूर्वी एखाद्या प्रात्यक्षिकाच्या वर्गात बसून पाहण्याची परवानगी मागावी. जी संस्था ही परवानगी आनंदाने देते तिच्याबद्दल विश्वास वाटायला हरकत नाही.

वयाची अट, शालेय शिक्षणाचा पुरावा, वैद्यकीय तपासणी आणि लसीकरणाची नोंद ही कागदपत्रे बहुतेक ठिकाणी लागतात. यांतल्या हिपॅटायटिस बी लसीकडे वेळेत लक्ष द्यावे. नेहमीच्या वेळापत्रकात तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी दिले जातात, आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासतात. ती १० मिली आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक आली की संरक्षण मिळाले असे मानतात. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी सात-आठ महिने जातात. नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळी ही लस घेतली असेल तर त्याची नोंद जपून ठेवा, घेतली नसेल तर वर्ग सुरू होण्याची वाट न पाहता पहिला डोस घ्या.

शरीराची तयारीही हवी. माणसाला जमिनीवरून उचलून स्ट्रेचरवर घेणे आणि जिन्यावरून खाली आणणे हे रोजचे काम आहे. पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून, पायांच्या जोरावर उचलणे, वजन शरीराजवळ ठेवणे आणि वळताना कंबरेतून न पिळता पावले फिरवणे ही पद्धत वॉर्डात शिकवलेली असतेच. फरक इतकाच की इथे पलंगाची उंची वरखाली करता येत नाही.

हाताचे काम

सीपीआरचे आकडे बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतात. प्रौढ माणसाच्या छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान ५ आणि कमाल ६ सेंटीमीटर खोल दाब द्यायचा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, आणि ३० दाबांनंतर दोन श्वास द्यायचे. प्रत्यक्षात हे किती अवघड आहे ते मॅनिकिनवर दोन मिनिटे सलग केल्यावर कळते. पहिल्या तीस सेकंदांत खोली बरोबर असते. मिनिटभराने खांदे भरून येतात, कोपर नकळत वाकू लागतात, आणि दमलेला माणूस छातीवर टेकून राहू लागतो. दाब खोल जातो असे त्याला वाटत असते, पण छाती पूर्ण वर येत नाही, त्यामुळे हृदयात परत रक्त भरत नाही आणि पुढचा दाब कितीही जोराचा दिला तरी त्यातून पुढे ढकलायला पुरेसे रक्तच नसते. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, दमल्यासारखे वाटत नसले तरीही. हा बदल पाच सेकंदांच्या आत कसा करायचा याचा जोडीने सराव करावा: येणाऱ्याने समोरच्या बाजूला गुडघे टेकून हात तयार ठेवायचे आणि चालू असलेल्याने शेवटचे आकडे मोठ्याने मोजायचे. नाडी तपासायला दहा सेकंदांहून अधिक घ्यायचे नाहीत. वॉर्डात पूर्ण मिनिट नाडी मोजण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हे जड जाते, आणि ती सवय या एका प्रसंगापुरती बाजूला ठेवायला मुद्दाम शिकावे लागते.

बॅग-व्हॉल्व्ह-मास्क, ज्याला सगळे अंबू बॅग म्हणतात, ते दिसते त्यापेक्षा कठीण साधन आहे. एका हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर इंग्रजी सी अक्षरासारखी धरायची आणि उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडावर ठेवून जबडा मास्ककडे वर उचलायचा. नवशिके उलटे करतात. ते मास्क चेहऱ्यावर दाबतात, त्यामुळे मान खाली जाते आणि श्वासमार्गच बंद होतो. बोटे हाडावरच हवीत, हनुवटीखालच्या मऊ भागात गेली तर जीभ मागे ढकलली जाते. दुसरी चूक बॅग पूर्ण पिळण्याची. प्रौढासाठीच्या बॅगेत लागते त्याहून बरीच जास्त हवा असते. छाती वर येताना दिसली की थांबायचे, आणि एक श्वास साधारण एका सेकंदात द्यायचा. अधिक हवा गेली तर ती पोटात शिरते, उलटी होते, आणि उलटी फुप्फुसात गेली तर वाचलेला रुग्णही पुन्हा धोक्यात येतो. दोघे असाल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी. वॉर्डात अचानक श्वास थांबलेल्या रुग्णाजवळ सर्वांत आधी पोहोचणारी व्यक्ती बहुधा नर्स असते, त्यामुळे ईएमटीच्या सगळ्या प्रात्यक्षिकांतले एकच जास्तीचे करायचे असेल तर हे करावे.

रक्तस्राव थांबवणे, हाडाला आधार बांधणे आणि ऑक्सिजन देणे हे त्या मानाने लवकर जमते. टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) जखमेच्या वर पाच ते सात सेंटीमीटरवर, सांध्यावर नव्हे, रक्त थांबेपर्यंत घट्ट करायचे आणि बांधल्याची वेळ ठळक लिहून ठेवायची. नेझल कॅन्युलाने (नाकात बसवायच्या नळीने) मिनिटाला १ ते ६ लिटर, नॉन-रिब्रीदर मास्कने (पिशवी जोडलेल्या मास्कने) १० ते १५ लिटर ऑक्सिजन देतात, आणि मास्क चेहऱ्यावर लावण्याआधी त्याची पिशवी भरून घ्यायची असते.

रुग्ण पाहण्याचा क्रम

नर्सिंगमध्ये मूल्यांकन म्हणजे माहिती गोळा करून तिचा अर्थ लावणे. आपत्कालीन सेवेत मूल्यांकन आणि उपचार हातात हात घालून चालतात, आणि जीवघेणी गोष्ट सापडली की पुढे न जाता तिथेच ती हाताळायची असते. आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहायचे, मग मोठा रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती आणि शेवटी कपडे बाजूला करून संपूर्ण शरीर, असा क्रम असतो. हा क्रम मोडायचा नाही. उघड्या जखमेकडे किंवा वाकड्या झालेल्या पायाकडे नजर जाणारच, पण माणसाचा जीव घेणारी गोष्ट कित्येकदा आवाज न करणारी असते: जीभ मागे पडलेली, श्वास उथळ, त्वचा फिकी आणि घामेजलेली.

जाणीव किती आहे हे झटपट ठरवण्यासाठी चार पायऱ्या वापरतात: रुग्ण पूर्ण जागा आहे, हाकेला प्रतिसाद देतो, वेदनेला प्रतिसाद देतो, की कशालाच देत नाही. वॉर्डात यासाठी ग्लासगो कोमा स्केल वापरतात. टीसडेल आणि जेनेट यांनी ते १९७४ मध्ये मांडले आणि त्यात ३ ते १५ गुण असतात. दोन्ही पद्धती येणे तुमच्या फायद्याचे आहे, फक्त नोंद करताना गुणांची बेरीज लिहून थांबू नका, डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहा. एकाच बेरजेमागे फार वेगळ्या अवस्था असू शकतात.

रुग्णाची माहिती घेण्याची पद्धतही ठरलेली असते: लक्षणे, अ‍ॅलर्जी, चालू औषधे, जुने आजार, शेवटचे खाणेपिणे आणि हे सगळे कसे सुरू झाले. यात नर्सिंगचा विद्यार्थी इतरांपेक्षा पुढे असतो, कारण रुग्णाशी आणि घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलण्याचा सराव त्याला असतो. रुग्ण बेशुद्ध असेल तर शेजारी उभ्या असलेल्याला विचारावे आणि औषधांच्या रिकाम्या पाकिटांवर नजर टाकावी.

मोठ्या अपघातात अनेक जखमी असतात तेव्हा ट्रायाज, म्हणजे कोणाला आधी मदत द्यायची याची वर्गवारी, करावी लागते. त्यासाठीची स्टार्ट ही पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाली. चालू शकणारे सर्व हिरव्या गटात जातात. उरलेल्यांपैकी ज्याचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त आहे, ज्याच्या मनगटाला नाडी लागत नाही किंवा जो साधी सूचना पाळू शकत नाही तो सर्वांत तातडीच्या लाल गटात, बाकीचे पिवळ्या गटात, आणि श्वासमार्ग मोकळा करूनही जो श्वास घेत नाही तो काळ्या गटात. एका माणसासाठी मिनिटभरही लावायचे नसते. शुश्रूषेचे शिक्षण घेणाऱ्या माणसाला काळ्या गटाची चिठ्ठी बांधून पुढे जाणे विलक्षण कठीण वाटते, आणि तसे वाटायलाच हवे. तरीही त्या क्षणी पुढे गेल्यानेच लाल गटातील माणूस वाचतो, हे सरावाच्या वर्गात पुन्हा पुन्हा घोकून घ्यावे.

रुग्णवाहिकेवरील दिवस आणि हँडओव्हर

प्रत्यक्ष कामाच्या तासांत सुरुवातीला तुम्हाला फारसे काही करू दिले जाणार नाही, आणि त्याने खट्टू होऊ नये. पाळी सुरू होताना वाहनातील प्रत्येक कप्पा उघडून कोणती वस्तू कुठे आहे ते पाहावे, सक्शन (तोंडा-घशातील स्राव ओढून काढणारे यंत्र) चालू करून पाहावे, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब वाचावा, मॉनिटरची बॅटरी तपासावी. जुन्या कर्मचाऱ्यांना जो विद्यार्थी न सांगता हे करतो त्याच्यावर विश्वास टाकावासा वाटतो, आणि मग रक्तदाब घेण्यापासून पुढची कामे आपोआप तुमच्याकडे येऊ लागतात.

रुग्णालयाच्या दारात होणारा हँडओव्हर मन लावून ऐकावा. तिथे बाहेरचा संघ रुग्ण सोपवतो आणि आतली नर्स तो स्वीकारते, आणि तुम्ही पुढे त्या दुसऱ्या जागी उभे राहणार आहात. जखमींसाठी चार मुद्द्यांचा क्रम अनेक ठिकाणी वापरात आहे: इजा कशी झाली, कोणत्या जखमा आढळल्या, नाडी, रक्तदाब, श्वास अशा महत्त्वाच्या खुणा काय आहेत आणि काय उपचार केले. एक नमुना पाहा. "अंदाजे चाळीस वर्षांचा पुरुष, दुचाकीवरून घसरला, हेल्मेट होते. उजव्या मांडीला सूज आणि विकृती, पोट दुखते आहे. नाडी १२४, रक्तदाब ९६ वर ६०, श्वास २६, जागा आहे आणि नीट बोलतो आहे. पायाला आधार बांधला, मास्कने ऑक्सिजन चालू आहे, वाटेत नाडी ११० वरून वाढली." शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण बदलाची दिशा कोणत्याही मॉनिटरवर पहिल्या नजरेत दिसत नाही. ऐकणाऱ्या नर्सला त्यावरून पोटातील रक्तस्रावाची शंका यायला हवी. वॉर्डात तुम्ही शिकलेली एसबीएआर पद्धत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयात आली आणि तिचा गाभाही हाच आहे: परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन आणि शिफारस, थोडक्या शब्दांत आणि ठरलेल्या क्रमाने.

या तासांत मृत्यूही पाहावा लागतो, कधी लहान मुलाचा. वॉर्डातील मृत्यूपेक्षा तो अधिक अचानक असतो. पाळी संपल्यावर सोबतच्या वरिष्ठांशी त्याबद्दल बोलावे, महाविद्यालयात विश्वासाची शिक्षिका असेल तर तिच्याशीही. झोप उडणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे किंवा ड्यूटीला जाणे टाळावेसे वाटणे हे काही आठवड्यांनंतरही राहिले तर समुपदेशकाची मदत घ्यावी. रुग्णांची छायाचित्रे, नावे किंवा प्रसंगाचा ओळखू येईल असा तपशील कुठेही लिहू किंवा पाठवू नये, मित्रांच्या गटातही नाही.

परीक्षा

लेखी परीक्षेत नर्सिंगचे विद्यार्थी अडखळतात ते बहुधा जास्त माहिती असल्यामुळे. प्रश्नात छातीत दुखणारा रुग्ण असतो आणि विद्यार्थी मनात ईसीजी आणि रक्तातील एन्झाइमच्या तपासणीपर्यंत पोहोचतो, तर योग्य उत्तर असते ऑक्सिजनची पातळी पाहणे, अ‍ॅस्पिरिनला अडथळा आहे का ते विचारणे आणि वेळ न घालवता हलवणे. प्रत्येक प्रश्न वाचताना स्वतःला विचारावे की या स्तराच्या माणसाकडे आत्ता, या जागी, काय आहे. अमेरिकेतील नॅशनल रजिस्ट्रीची ईएमटी परीक्षा संगणकावर होते, दोन तासांत ७० ते १२० प्रश्न येतात आणि तुमच्या उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. अशा परीक्षेत प्रश्न कठीण होत चालले तर घाबरण्याचे कारण नसते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस लेखी चाचणीत उत्तीर्ण होण्यासाठी ८४ टक्के लागतात. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक कृती मोठ्याने बोलून करावी. हातमोजे घालणे आणि जागा सुरक्षित आहे हे सांगणे या दोन गोष्टी सर्वांत जास्त विसरल्या जातात, आणि काही ठिकाणी केवळ तेवढ्याने नापास करतात.

अधिकाराची मर्यादा

प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही ठरावीक प्रशिक्षण घेतले याचा पुरावा. काम करण्याची परवानगी ही वेगळी बाब असून ती कायद्याने ठरलेली संस्था देते. हा फरक विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा, कारण तुमच्याकडे एकाच वेळी दोन भूमिका असणार आहेत. महाविद्यालयाच्या पोस्टिंगवर तुम्ही नर्सिंगचे विद्यार्थी आहात आणि देखरेखीखाली शिरेतून औषध देण्याची परवानगी कदाचित असेल. रुग्णवाहिकेवर ईएमटी म्हणून उभे असताना तीच कृती तुमच्या अधिकाराबाहेर असू शकते. अमेरिकेतील ईएमटीच्या मूळ कक्षेत शिरेतून औषध देणे येत नाही. तोंडावाटे ग्लुकोज देणे, रुग्णाचा स्वतःचा इन्हेलर वापरायला मदत करणे अशा गोष्टी येतात. उलट, ईएमटी झालात म्हणून वॉर्डात स्वतःच्या निर्णयाने काही सुरू करण्याचा अधिकारही मिळत नाही. ज्या पाळीवर ज्या भूमिकेत नाव लावले असेल त्याच भूमिकेच्या मर्यादेत वागावे, हात शिवशिवत असले तरी. कोणी वरिष्ठाने आग्रह केला तर नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा. विद्यार्थ्याने दिलेला असा नकार रुग्णाच्या हिताचाच असतो.

नूतनीकरण

ज्ञान जुने होते आणि हात त्याहून लवकर विसरतो. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सीपीआरचा क्रम बदलून छातीवरील दाब आधी आणला. २०२० मध्ये लहान मुलांना श्वास देण्याची गती वाढवून दर दोन ते तीन सेकंदांना एक अशी केली. जुन्या प्रमाणपत्रावर विसंबणारा माणूस चांगल्या हेतूने जुनीच पद्धत वापरत राहतो. बीएलएसची दोन वर्षांची मुदत नर्सिंगच्या शिक्षणात किमान एकदा संपणारच, आणि ती नेमकी अंतिम परीक्षेच्या किंवा नोकरीच्या अर्जाच्या सुमारास संपू नये म्हणून पहिल्या दिवशीच तारीख लिहून ठेवावी. नॅशनल रजिस्ट्रीच्या ईएमटीला दर दोन वर्षांनी ४० तासांचे सातत्यपूर्ण शिक्षण दाखवावे लागते. त्यासाठी केलेल्या प्रत्येक वर्गाचा विषय, तारीख, तास आणि शिकवणाऱ्याची सही एका वहीत नोंदवत जावी.

नर्स म्हणून नोंदणी झाल्यावर ईएमटीचे प्रमाणपत्र चालू ठेवायचे की मुदत संपू द्यायची हा प्रश्न येतोच. रुग्णवाहिकेवर किंवा स्वयंसेवी बचाव पथकात काम करणार असाल तर चालू ठेवा. फक्त रुग्णालयातच काम करणार असाल तर तोच वेळ आणि शुल्क एसीएलएस, पीएएलएस आणि पुढे टीएनसीसीकडे वळवणे अधिक उपयोगाचे ठरते. मात्र मुदत संपू देण्याआधी नोंदणी संस्थेकडे विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी प्रमाणपत्र निष्क्रिय यादीत ठेवून नंतर कमी खटपटीत पुन्हा सुरू करता येते, आणि एकदा पूर्ण बाद झाले की सगळी परीक्षा नव्याने द्यावी लागते.